आम्स्टरडॅमचे नादमंदिर

(सभामंडपाच्या शताब्दी-महोत्सवात देवस्थानच्या चौकात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी समितीने ‘देवालय आणि संगीत’ या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. मी गवई नव्हे, की संगीतशास्त्राचा अभ्यासक नव्हे. लहानपणापासून या मंडपातल्या खांबाला पाठ टेकून गाणे ऐकत आलेला मी एक साधा श्रोता आहे. तेव्हा शास्त्राच्या वाटेला न जाता मी आज आपणांस एका वास्तूची हकीकत सांगणार आहे. ती वास्तू येथून हजारो कोस दूर, हॉलंड देशातील आम्स्टरडॅम शहरी उभी आहे. ती देवालय नव्हे. तिच्यात मूर्ती नाही, तेथे आरती होत नाही, तीर्थप्रसाद वाटला जात नाही. परंतु तिची कथा सांगून होईल तेव्हा आपण आपल्याच घरची गोष्ट ऐकली असे जर आपणांस वाटले, तर माझे येथे उभे राहणे सार्थकी लागले असे मी समजेन.

या वास्तूचे नाव आहे कॉन्सर्टखेबाऊ. नाव उच्चारायला अवघड, पण अर्थ अगदी साधा. डच भाषेत ‘खेबाऊ’ म्हणजे इमारत. संगीताच्या मैफलीसाठी बांधलेली इमारत, एवढाच त्याचा अर्थ. कोणा राजाचे नाव नाही, कोणा धनिकाचे नाव नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जाणकारांना जगातील उत्तम नादाची सभागृहे कोणती असे विचारले, तर ते व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन, अमेरिकेतील बोस्टनचे सिंफनी हॉल आणि आम्स्टरडॅमचे हे कॉन्सर्टखेबाऊ अशी तीन नावे बहुधा एका दमात घेतात.

मुलीच्या संसाराच्या निमित्ताने काही महिने मला त्या देशी राहण्याचा योग आला, तेव्हा एका बुधवारी दुपारी मी तेथे गेलो. बुधवारी दुपारी तेथे अर्ध्या तासाची विनामूल्य मैफल होत असे. माझ्या एका बाजूला सायकलवरून आलेला, ओल्या कोटातला एक मजूर बसला होता आणि दुसऱ्या बाजूला एक वृद्धा हातातली पिशवी पायाशी ठेवून डोळे मिटून बसली होती. व्हायोलिनचा पहिला स्वर निघाला आणि तो कोठून आला हेच मला कळेना. तो समोरून आला, बाजूने आला, आणि काही क्षण माझ्या अंगावर शालीसारखा राहिला. पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही. तरी त्या क्षणी मला आठवण झाली ती या चौकाची, आणि पहाटे गर्भागाराच्या दिशेने तोंड करून लावलेल्या तंबोऱ्याची.

आता या वास्तूचा जन्म कसा झाला ते ऐका. १८८१ साली आम्स्टरडॅममधील पार्कझाल नावाचे संगीतगृह पाडण्यात आले. शहर श्रीमंत होते. समुद्रावरच्या व्यापाराने शतकानुशतके त्याच्या पेढ्या भरल्या होत्या. परंतु मोठा वाद्यवृंद बसेल आणि नीट ऐकू येईल अशी जागा मात्र आता शहरात उरली नाही. त्या काळच्या आम्स्टरडॅमच्या संगीताविषयी बाहेरचे कलावंत फारसे चांगले बोलत नसत. थोर जर्मन रचनाकार ब्राम्स येथील माणसांच्या आतिथ्यावर खूश असे आणि वादकांवर नाराज असे, अशी आठवण सांगतात. तेव्हा सहा नागरिक एकत्र आले. सरकारकडे अर्ज करून वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनी १८८२ साली एक मंडळी स्थापन केली, तिचे भाग विकून भांडवल उभे केले आणि शहराच्या वेशीबाहेर जागा घेतली. ही वास्तू अशी नागरिकांच्या वर्गणीतून उभी राहिली. आपल्या पूर्वजांनी या देवस्थानासाठी घरटी वर्गणी कशी जमविली, कोणी नारळाचे उत्पन्न दिले, कोणी शेताचा तुकडा दिला, हे ज्यांनी जुन्या वह्यांत वाचले आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

जागा घेतली ती होती पाणथळ कुरण. न्यूवर-आम्स्टेल नावाच्या शेजारच्या ग्रामपालिकेच्या हद्दीत ती होती. आम्स्टरडॅम शहरात ती पुढे १८९६ साली सामील झाली. त्या देशाची जमीन आपल्या खाजन शेतीसारखी आहे असे समजा. बांध घालून समुद्राला थोपविलेले, खाली ओला चिखल, त्याच्याही खाली कोठेतरी वाळूचा घट्ट थर. अशा भूमीवर घर बांधायचे तर आधी लाकडाचे लांब खांब त्या घट्ट थरापर्यंत ठोकावे लागतात आणि त्यांच्या डोक्यावर भिंती उभ्या कराव्या लागतात. कॉन्सर्टखेबाऊसाठी असे २,१८६ खांब ठोकले गेले. प्रत्येक खांब बारा-तेरा मीटर लांब. म्हणजे एक सबंध रानच उलटे करून चिखलात पुरले असे म्हणायला हरकत नाही. वास्तुशास्त्रज्ञ होते आडोल्फ लेओनार्ड व्हान खेंट. १८८३ साली काम सुरू झाले आणि १८८६ साली इमारत उभी राहिली.

पण दरवाजे उघडले नाहीत! कारण ऐकून आपणांस हसू येईल. त्या इमारतीपर्यंत जाणारा रस्ता कोणी बांधायचा, दिवे कोणी लावायचे, यावर पालिकेशी घोळ चालू राहिला. वास्तू तयार, वाद्ये तयार, आणि दारापुढे चिखल. असा काळ गेला आणि अखेर ११ एप्रिल १८८८ रोजी हेन्री व्हियोटा यांच्या संचालनाखाली १२० वादक आणि ५०० गायकांच्या मेळाव्याने उद्घाटन झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला या वास्तूच्या स्वतःच्या वाद्यवृंदाने पहिली मैफल केली. त्याचे पहिले संचालक होते विलेम केस. हा मोठा शिस्तीचा माणूस. त्यापूर्वी लोक मैफलीला येत ते गप्पा मारायला, खायला-प्यायला. मागे संगीत चालू असे इतकेच. केस यांनी ते बंद केले. संगीत चालू असता बोलायचे नाही, खायचे नाही, उशिरा आल्यास मध्येच आत शिरायचे नाही. वादकांनाही त्यांनी तीच शिस्त लावली. सात वर्षांत त्यांनी एक वाद्यवृंद घडविला आणि एक श्रोतृवृंदही घडविला. माझ्या मते दुसरे काम अधिक कठीण होते. आपल्या जत्रेतील मैफलीत मागच्या बाजूला काय चालते, हे मी येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता नादाविषयी. या सभागृहाचा आकार अगदी साधा, लांबट पेटीसारखा आहे. लांबी सुमारे ४४ मीटर, रुंदी सुमारे २८ आणि उंची सुमारे १७ मीटर. बसायला दोन हजारांच्या आसपास जागा. विशेष असा की, नाद मोजण्याचे आधुनिक शास्त्र तेव्हा अजून जन्मालाच यायचे होते. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक सॅबाइन यांनी ते सूत्र मांडले १८९५ नंतरच्या वर्षांत, आणि त्या सूत्राच्या आधारे बांधलेले बोस्टनचे सभागृह १९०० साली उघडले. व्हान खेंट यांच्यापाशी असे गणित नव्हते. त्यांनी जर्मनीतील लाइप्त्सिग शहरात १८८४ साली उघडलेले गेवांडहाउस हे नामांकित संगीतगृह नमुना म्हणून पुढे ठेवले. चांगले चाललेले पाहावे आणि त्याच्यावरून आपले घडवावे, ही जुन्या कारागिरांची रीत. ती येथे फळाला आली. पुढे नियतीने असा खेळ केला की, दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या वर्षावात लाइप्त्सिगचे ते गेवांडहाउस उद्ध्वस्त झाले. मूळ गेले आणि त्याच्यावरून घडलेले राहिले.

या नादाचे मर्म काय? समोरासमोरच्या उंच भिंतींवरून आवाज बाजूने परत येतो, म्हणून श्रोत्याला आपण स्वराने वेढलो गेलो असे वाटते. भिंती आणि छत सपाट, गुळगुळीत नाहीत. त्यांवर चुनेगच्चीची नक्षी आहे, खोबणी आहेत, अर्धस्तंभ आहेत. त्यांवर आदळून आवाज विखुरतो, त्याची धार मोडते. श्रोत्यांनी सभागृह भरले की स्वर विरून जायला सुमारे दोन सेकंद लागतात. त्याहून फार अधिक वेळ लागला तर एका स्वरात दुसरा मिसळून गलबला होतो. फार कमी लागला तर गाणे कोरडे पडते. नक्षी ही केवळ शोभेसाठी असते असे आपण समजतो. येथे तिने गाण्याची सेवा केली. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण शेवटी मला तिच्याकडे परत यायचे आहे.

१८९५ साली केस स्कॉटलंडला गेले आणि त्यांच्या जागी चोवीस वर्षांचा एक तरुण आला. त्याचे नाव विलेम मेंगेलबर्ग. पुढची पन्नास वर्षे हे नाव आणि ही वास्तू एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. या वाद्यवृंदाला त्यांनी जगाच्या पहिल्या पंक्तीत नेऊन बसविले. रिखार्ड श्ट्राउस यांनी आपली एक मोठी रचना मेंगेलबर्ग यांना आणि या वाद्यवृंदाला अर्पण केली. १८९९ पासून ईस्टरच्या आधीच्या रविवारी बाखची ‘मॅथ्यू पॅशन’ ही भक्तिरचना येथे दरवर्षी गाण्याचा परिपाठ पडला. आपल्याकडे ठरल्या तिथीला ठरलेला सप्ताह व्हावा, तसेच हे.

मेंगेलबर्ग यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे गुस्टाव मालर या रचनाकाराला त्यांनी दिलेला आसरा. मालर जन्माने ज्यू. त्यांची दीर्घ, विलक्षण संगीतकृती पुष्कळांना दुर्बोध वाटे. त्यांना १९०३ साली आम्स्टरडॅमला बोलावून त्यांच्याच संचालनाखाली त्यांची तिसरी सिंफनी सादर झाली. १९०४ साली तर एकाच संध्याकाळी त्यांची चौथी सिंफनी मध्यंतरापूर्वी एकदा आणि मध्यंतरानंतर पुन्हा एकदा, अशी दोनदा वाजविली गेली. जे एकदा ऐकून कळत नाही ते दुसऱ्यांदा ऐकावे, असा हा सरळ विचार. श्रोता घडविण्याची ही केवढी मोठी रीत! मालर १९११ साली वारले. १९२० साली मेंगेलबर्ग यांच्या सेवेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नऊ मैफलींचा मालर-महोत्सव येथे साजरा झाला.

सभागृहाच्या सज्जाच्या कठड्यावर आणि भिंतींवर नक्षीदार चौकटींत नावे कोरलेली आहेत. ती देणगीदारांची नावे नव्हेत. ती रचनाकारांची नावे आहेत. बाख, बेथोव्हेन यांच्यासारखी सर्व जगाला ठाऊक असलेली आहेत. डायपेनब्रॉक, त्स्वेर्स यांच्यासारखी हॉलंडबाहेर फारशी ठाऊक नसलेली घरची नावेही आहेत. त्यांत मालर यांचे नाव आहे. मेंडेल्सोन यांचे आहे, रुबिनश्टाइन यांचे आहे. मी ही तीन नावे मुद्दाम घेतली. कारण आता जे सांगायचे आहे ते सुखाचे नाही.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड व्यापला. १९४१ साली वाद्यवृंदातील ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले. ज्यू श्रोत्यांना मैफलींचे दार बंद झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसून गाणे ऐकले होते, त्यांना त्या दारातून परत फिरावे लागले. मालर यांचे संगीत बंद झाले. भिंतीवरची ती तीन नावे झाकून टाकण्यात आली, कारण ती ज्यूंची होती. विचार करा. तीच वास्तू, तेच छत, तीच नक्षी. नादाचे गणित कणभरही बदलले नव्हते. खुर्च्याही बहुधा भरलेल्याच असत. परंतु जेथे एका माणसाची संगीतकृती एकाच रात्री दोनदा ऐकली गेली होती, तेथे आता त्याचे नाव भिंतीवर चालत नव्हते. काढून टाकलेल्या वादकांपैकी काही जण छळछावण्यांतून परत आले नाहीत.

मेंगेलबर्ग यांनी या काळात व्यापाऱ्या सत्तेशी जमवून घेतले, जर्मनीत जाऊन मैफली केल्या. त्यांनी काही जणांना वाचविण्याचा प्रयत्न केला असेही त्यांच्या बाजूने सांगितले जाते. युद्ध संपल्यावर १९४५ साली त्यांना हॉलंडमध्ये संचालन करण्यास बंदी झाली. आधी ती जन्मभराची होती, नंतर सहा वर्षांवर आली. ती मुदत संपण्यापूर्वीच, १९५१ साली, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा अंत झाला. पन्नास वर्षे ज्या पायऱ्यांवरून ते मंचावर उतरत, त्या पायऱ्या त्यांना पुन्हा दिसल्या नाहीत. या माणसाचा न्याय करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यांच्या कथेतून मी एक धडा घेतला आहे. वास्तूचे पावित्र्य भिंतींत नसते. त्या वास्तूचे कारभारी कोणाला आत घेतात आणि कोणाला दारातून परत पाठवितात, त्यावर ते अवलंबून असते. युद्धानंतर ती तीन नावे पुन्हा उघडी करण्यात आली. मी गेलो तेव्हा मालर यांचे नाव मान वर करून वाचले आणि का कोण जाणे, हात जोडले. २०२५ साली तेथे पुन्हा एक मालर-महोत्सव झाला आणि त्यासाठी दूरदूरच्या देशांचे वाद्यवृंद आले.

युद्धानंतर व्हान बाइनम आणि त्यांच्यामागून बर्नार्ट हायटिंक यांनी वाद्यवृंदाची धुरा वाहिली. १९५२ साली वास्तूची संस्था आणि वाद्यवृंदाची संस्था यांचा कारभार वेगळा झाला. १९६९ सालचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. हायटिंक यांची मैफल सुरू होत असतानाच काही तरुण संगीतकारांनी खेळण्यातल्या बेडकांचा टकटकाट करून ती अडविली. जुन्यांचेच किती दिवस वाजविणार, आज लिहिले जाते त्याला या वास्तूत जागा का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यांत मेंगेलबर्ग यांच्याच घराण्यातला एक तरुणही होता. त्यांना बाहेर काढण्यात आले. पण पुढे त्यांच्यातलेच काही हॉलंडचे नामवंत संगीतकार झाले आणि नव्या संगीताला त्या देशात जागा मिळाली. आपल्या देवस्थानच्या सर्वसाधारण सभेत तरुण मंडळी आवाज चढवतात, तेव्हा आम्ही वडीलधारे फार रागावतो. तेव्हा हे बेडूक आठवावेत, इतकेच माझे म्हणणे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. १९८३ साली लक्षात आले की, ही वास्तू खचत आहे. भिंतींना तडे गेले होते. खाली पाहिले तेव्हा ते उलटे पुरलेले रान कुजू लागले होते. लाकूड सदैव पाण्याखाली राहिले तर शेकडो वर्षे टिकते. परंतु भूमीतील पाणी उतरले, खांबाचे डोके उघडे पडले आणि वारा लागला की त्याला बुरशी लागते आणि ते भुसभुशीत होते. वर बाख आणि बेथोव्हेन चालू होते, टाळ्या पडत होत्या, आणि खाली खांब एकेक करून आपला भार सोडून देत होते. वरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. सर्वांत कठीण प्रश्न असा की, दुरुस्ती करताना तो नाद बिघडला तर? ज्या गोष्टीचे सर्व कारण कोणालाच पुरते सांगता येत नाही, ती एकदा गेली तर परत कशी आणायची?

पाडून नवे बांधण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. संचालक मार्टाइन सांडर्स यांनी पैसा उभा करण्याची मोहीम हाती घेतली. नागरिकांनी दिले, व्यापारी पेढ्यांनी दिले, सरकारने आणि शहरानेही आपला वाटा दिला. सभागृहाला धक्का न लावता कामगार तळाशी उतरले. जुन्या २,१८६ लाकडी खांबांचा भार त्यांनी सुमारे ४०० नव्या पोलादी नळकांबांवर हळूहळू उतरवून घेतला, आणि हे सर्व करीत असताना वर मैफली चालूच ठेवल्या. देवाची पूजा न थांबविता गर्भागाराच्या जोत्याचा चिरा बदलण्यासारखेच ते काम. त्याबरोबर पी द ब्रॉइन या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यावरून एका बाजूला काचेची नवी पडवी बांधली आणि ये-जा तिकडून वळविली. जुन्याला नव्याचे हे ठिगळ कशाला, असे म्हणणारेही तेथे होतेच. परंतु तिकिटे, कोट, उपाहारगृह, वादकांच्या खोल्या असा सर्व आधुनिक संसार त्यांनी कडेला आणि तळघरात नेला. मूळ सभागृहावर त्याचा भार टाकला नाही. १९८८ साली शताब्दी साजरी झाली तेव्हा वास्तू भक्कम पायावर उभी होती आणि नाद जसाचा तसा होता. त्याच वर्षी राणी बेआट्रिक्स यांनी वाद्यवृंदाला ‘राजमान्य’ ही पदवी दिली. वास्तूला तो मान १२५ व्या वर्षी, २०१३ साली मिळाला.

मंडळी, ही झाली त्या नादमंदिराची कथा. आता आपला हा मंडप. यालाही शंभर वर्षे झाली. महाजनांपुढे दोन प्रस्ताव आहेत, हे मी जाणतो. एक, हा कौलारू लाकडी मंडप उतरवून त्या जागी काँक्रीटचे मोठे सभागृह बांधावे, खाली-वर संगमरवर बसवावे. दुसरा, आहे त्याचीच दुरुस्ती करावी. निर्णय आपला आहे. मी केवळ तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट पायाची. मागच्या पावसात मी सुतारमिस्त्रींना घेऊन या खांबांच्या बुडाशी बसलो. बारांपैकी तीन खांबांना वाळवी लागली आहे, नऊ ठणठणीत आहेत. छपराचे पाणी पन्हळ फुटल्यामुळे त्या तिघांच्या बुडाशी मुरते, हे त्यामागचे कारण. गेली कित्येक वर्षे आम्ही कळसाला रंग दिला, दीपमाळेला विजेची रोषणाई केली. पन्हळीकडे कोणी पाहिले नाही. वरचे दिसते म्हणून वरच्याला पैसे मिळतात. खालचे दिसत नाही म्हणून त्याला मिळत नाहीत. हा दोष माझाही आहे, कारण दहा वर्षे मी समितीवर होतो.

दुसरी गोष्ट नादाची. आपल्याच तालुक्यातील एका देवालयात जुना चौक काढून गुळगुळीत दगडाचे सभागृह झाले. काम देखणे झाले, करणाऱ्यांची भावनाही चांगली होती. पण तेथे गेल्या वर्षी एका नामांकित गायिकेचे गाणे ऐकायला मी गेलो आणि पहिल्याच तानेला माझा जीव गोळा झाला. एक स्वर विझण्याआधी दुसरा त्याच्यावर आदळत होता. मग ध्वनिक्षेपक वाढविले, तसा गोंगाटही वाढला. अर्ध्या तासाने बाईंनी हात जोडून भैरवी घेतली. कठीण सपाट दगड आवाज परत फेकतो; कौलांच्या फटी, लाकडाचे कोरीव काम आणि उघडा चौक आवाज थोडा पितो, थोडा विखरतो, थोडा परत देतो. आपल्या पूर्वजांपाशीही गणित नव्हते. त्यांनी चांगले चाललेले पाहिले आणि तसे घडविले. ते एकदा उतरविले तर पुन्हा बांधून देणारा मिस्त्री मिळेल, याची हमी मला कोणी देईल काय?

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. या मंडपात संगमरवरी पाट्यांवर एकशेचाळीस नावे आहेत. ती सर्व दात्यांची आहेत, आणि ती असावीत. परंतु ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या या देवीपुढे गायिले, पालखीपुढे पहाटेपर्यंत स्वर लावला, त्यांच्यापैकी एकीचेही नाव येथे नाही. गोमंतकातील देवालयांच्या आसपासच्या याच कलावंत घराण्यांतून केरीच्या केसरबाई केरकर आल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर आल्या. केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानावरच्या तबकडीत बसून सूर्यमालेच्या पलीकडे गेली. ज्यांचा स्वर अंतराळात मानाने गेला, त्यांच्या घरच्या माणसांना आमच्या पंक्तीत मात्र मानाचा पाट मिळत नव्हता. आम्ही त्यांचा स्वर घेतला आणि त्यांचे नाव झाकले. आम्स्टरडॅममध्ये परक्या फौजेने नावे झाकली होती. येथे ते आम्हीच केले, आणि त्यासाठी आमच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती.

देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत त्यांची नावे आहेत. ‘अमुकीस लुगडे, अमुकीस तांदूळ’ अशी ती हिशेबापुरती उरली आहेत. माझी महाजनांना नम्र विनंती आहे. दुरुस्तीचा ठराव करा की नव्या बांधकामाचा करा, पण त्याआधी दोन-तीन तरुण मुलांना त्या वह्यांपाशी बसवा आणि ती नावे उतरवून घ्या. या मंडपात एक पाटी त्यांची लागू द्या. त्या पाटीचा खर्च मी देईन. मात्र तिच्यावर माझे नाव घालू नये, एवढीच माझी अट आहे.

आमच्यानंतर शंभर वर्षांनी कोणीतरी याच जागी बसून गाणे ऐकेल. त्याला आपली नावे ठाऊक नसतील, आणि ती असण्याचे कारणही नाही. पण तंबोऱ्याचा स्वर या लाकडातून त्याच्या अंगावर आला आणि तो क्षणभर डोळे मिटून राहिला, तर आपण केलेली सेवा देवीच्या पायी रुजू झाली असे समजावे.